अकरा वाजायच्या आत

जुलै महिना. कर्जत स्टेशनजवळच्या सोसायटीतला फ्लॅट. अडीच महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू. रात्री अकराला ते खालापूरच्या बाजूला, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर सोडलं जाईल. हे अमुक एका घराचं वृत्त नव्हे. रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या घरात अशी वेळ कशी येते, ते इथे तासांच्या क्रमाने मांडलं आहे.

पहाटे ५.३० (साडेसतरा तास आधी)
पिल्लू जागं होतं. झोपेतून उठल्याबरोबर त्याला शू लागतेच. जमीन हुंगत ते गोल गोल फिरतं, कुईकुई करतं. लसी पूर्ण झालेल्या नाहीत, म्हणून त्याला खाली रस्त्यावर नेता येत नाही. पार्व्हो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण गॅलरीत ट्रे ठेवून त्यात उभं करता आलं असतं. घरात डब्यांची घाई चालू आहे. शू पायपुसण्यावर होते. मऊ, ओल शोषणारी जागा पिल्लांना आवडते, आणि एकदा आवडली की ती तीच शोधतात.

सकाळी ६.००
बशीभर दूध-पोळी. दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. खाल्ल्यावर पाव ते अर्ध्या तासात शी येते, पण तेवढा वेळ थांबणारं कुणी नाही. लोकल गाठायची आहे. सीएसएमटी शंभर किलोमीटरवर, दोन तासांहून जास्त. मुलगा शाळेत आणि तिथून पाळणाघरात. पिल्लू स्वयंपाकघरात बंद, खाली वर्तमानपत्र.

सकाळी ९.००
ठोकताळा असा, की वय जितके महिने तितके तास पिल्लू शू धरू शकतं. फार तर एखादा तास जास्त. ती मुदत आता संपली. कागद भिजला.

दुपारी १.००
शेजारच्या आजी घरीच आहेत. त्यांच्याकडे किल्ली दिली असती, तर पिल्लू ट्रेमध्ये गेलं असतं, शाबासकी आणि खाऊचा तुकडा मिळाला असता. दिवस सावरायची ही सगळ्यात मोठी संधी होती.

दुपारी ४.००
जुलाब. तिसऱ्या आठवड्यापासूनच पिल्लू झोपायच्या जागेपासून लांब जाऊन विधी करायला लागतं. ती स्वच्छता उपजत असते. इथे लांब जायला जागाच नाही. घाणीतच बसावं लागलं, की ही उपजत सवयही मोडते.

रात्री ८.१५
दार उघडतं. पिल्लू आनंदाने धावत येतं आणि त्या भरातच त्याची शू होते. त्याची मान धरून नाक घाणीवर घासलं जातं. काही तासांपूर्वीची शी आणि आताचा मार, यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू केली की मार बसतो. पुढच्या वेळी ते सोफ्यामागे लपून करेल, आणि घरचे म्हणतील, 'बदमाश आहे.'

रात्री ९.००
फरशी फिनेलने पुसली. आपल्या नाकाला वास गेला, त्याच्या नाकाला नाही. मूत्रातले घटक तोडणारं एन्झाइमचं क्लीनर लागतं. सोफ्यामागे पुन्हा ओलं.

रात्री १०.००
'आता बस. ढाब्याजवळ सोडू, खायला मिळेल.'

रात्री ११.००
पाऊस, ट्रक, ढाब्यावरच्या कुत्र्यांची ठरलेली हद्द आणि अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने गाडी कुणी परत वळवणार नाही.

म्हणून अडवायचं ते आधीच्या तासांत. झोपेनंतर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर दर वेळी त्याच जागी न्या. काम झालं की त्याच क्षणी कौतुक करा. चूक दिसली तर न ओरडता उचलून ट्रेमध्ये ठेवा. बहुतेक पिल्लं चार-सहा महिन्यांत शिकतात. शिकणं त्यांना जड जात नाही. जड जातं ते बारा-चौदा तास एकट्याने काढणं.

पिल्लू आणायचं ठरवण्याआधी घरात एक प्रश्न विचारा: दुपारी एक वाजता दार कोण उघडणार? नाव निघालं नाही, तर मुलाने कितीही हट्ट केला तरी पिल्लू आणू नका. पिल्लू घरात आलंच असेल, तर आजच शेजाऱ्यांशी बोला, पैसे देऊन माणूस ठेवा. तेही जमत नसेल, तर त्याला सांभाळणारं दुसरं घर मिळेपर्यंत आपल्याकडेच ठेवा. आणताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्याची जबाबदारी पूर्णपणे आणणाऱ्याची.