शेणातले राखणदार

बलिप्रतिपदेला विदर्भातल्या गावांत गायगोधन निघते. गोवारी मंडळी ढाल घेऊन वाजतगाजत येतात, शेणाचे गोधन मांडतात आणि त्यावरून गाई नेतात. वरूडच्या बाजूला एका गावात हा सोहळा पाहत आखरावर उभा असताना मला एक साधा प्रश्न पडला. आखर म्हणजे रानात जाण्याआधी गावाची गुरे जमतात ती जागा. मोठे जनावर दिवसातून दहा-बारा वेळा शेण टाकते. उन्हाळ्या-हिवाळ्यात बाया ते वेचून गोवऱ्या थापत. पण पावसाळ्यात गोवरी वाळत नाही, शेण पडून राहते आणि माशीची वीणही तेव्हाच जोरात असते. मग पूर्वीच्या आखरांवर इतके शेण जात कुठे असे?

माश्या नव्हत्या असे म्हणण्याचा हेतू नाही. कोठ्यात (आमच्याकडे गोठ्याला कोठाच म्हणतात) संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करावा लागे, तो माश्या-डासांसाठीच. शिवाय माशी ही केवळ कटकट नव्हती. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सर्रा रोगाचे जंतू पाहिले. चावऱ्या माश्या ते एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली, तेव्हा तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी या सर्ऱ्यावर बरेच काम केले. पुढे ही प्रयोगशाळा कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली. रोगाचा शोध असा लवकर लागला. माशीला आवर घालणाऱ्यांची दखल घ्यायला मात्र जगाला बराच वेळ लागला आणि तीही घेतली गेली ती दूर ऑस्ट्रेलियात.

तिथे 1788 मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर पहिली गुरे उतरली. त्या खंडातले शेणकिडे कांगारूच्या सुक्या लेंड्यांवर वाढलेले. गाईच्या पातळ, मोठ्या पोवट्याला तोंड लावणारे त्यांच्यात फारसे कोणी नव्हते. शेण महिनोन् महिने तसेच पडून राही, त्याखालचे गवत मरे आणि वर माश्यांचे थवे वाढत. 1951 च्या सुमारास तिथे गेलेले मूळचे हंगेरीचे कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांना हे वाळलेले पोवटे पाहून नवल वाटले. युरोपात असे दिसत नव्हते. त्यांच्या आग्रहावरून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1965 पासून सुमारे वीस वर्षे आफ्रिका आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडले. एकूण 43 जाती सोडल्या, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुजल्या.

ऑस्ट्रेलियाने जे बाहेरून मागवले, ते वऱ्हाडात गुरांइतकेच जुने होते. जी. जे. ॲरो यांचा भारतातल्या शेणकिड्यांवरचा जाडजूड ग्रंथ 1931 मध्ये निघाला. त्यात या एका कुळाच्या किती जाती आपल्या मातीत नांदतात ते दिसते. मृगाचा पाऊस पडला की हे भुंगे जमिनीतून वर येतात. कोणी शेणाची गोळी करून ढकलत नेतो, कोणी पोवट्याखालीच बीळ खणून शेण आत ओढतो. माशीच्या अळीला कोषात जाईपर्यंत पाच-सहा दिवस ओले शेण लागते. भुंग्यांनी दोन दिवसांत पोवटा विस्कटला, की अळी सुकून मरते. आणखी एक गंमत आहे. या भुंग्यांच्या अंगाला चिकटून बारीक कोळीवर्गीय किडे प्रवास करतात. नव्या पोवट्यावर भुंगा उतरला की तेही उतरतात आणि माशीची अंडी खातात.

हे झाले आखराचे आणि गायरानाचे. कोठ्यामागचा उकिरडा हा वेगळा मुलूख. तिथे काम करते स्पॅलँजिया. ही काळी, दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशीची दूरची बहीण माणसाला चावत नाही. ती खतात शिरून माशीचा कोष शोधते, त्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि तिची अळी आतली माशी खाऊन टाकते. माशीऐवजी त्या कोषातून पुढची स्पॅलँजिया बाहेर पडते. अमेरिकेत अशा गांधिलींचे कोष पाकिटातून विकले जातात. आपल्याकडे कपाशीवरच्या बोंडअळीसाठी ट्रायकोकार्ड शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. स्पॅलँजियाचे नाव मात्र कृषिकेंद्रावर मी कधी ऐकले नाही. ती रामबाण नाही, हेही सांगायला हवे. उन्हाळ्यात घरमाशीची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते, स्पॅलँजियाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. ओला उकिरडा तसाच ठेवून नुसती पाकिटे सोडणाऱ्याचे पैसे वाया जातील.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे लिहिण्याचा मोह अशा लेखांत अनेकांना होतो. मला तसा एकही पुरावा सापडलेला नाही. त्यांनी गुरे रानात चारली, कोठ्याची जमीन मुरमाची ठेवली आणि शेणात औषध मिसळले नाही, एवढेच. बाकीची व्यवस्था किड्यांची होती. म्हणूनच ती मोडली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

मोडली ती टप्प्याटप्प्याने. 1953 मध्ये मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव डीडीटी फवारली जाऊ लागली, घरांत तशी गुरांच्या कोठ्यांतही. मलेरिया हटला, ते मोठेच काम झाले. माश्याही आधी पडल्या. पण डीडीटी पचवणारी घरमाशी स्वीडनमध्ये 1946 मध्येच दिसली होती, आणि तोच खेळ जगभर झाला. मग ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या. वर्धा-आर्वीकडची गवळाऊ जोडी आता पोळ्यालाही शोधावी लागते. गायरानावर घरे चढली. उरलेली दुभती जनावरे सिमेंटच्या फरशीवर बांधली गेली आणि शेण पाण्याने नालीत जाऊ लागले. नालीतला तो ओला गाळ माशीला मानवतो, भुंग्याला नाही.

शेवटचा घाव औषधाचा. आयव्हरमेक्टिन हे जंताचे औषध 1981 पासून जनावरांसाठी बाजारात आहे. त्याच्या शोधाला 2015 मध्ये नोबेलही मिळाले आणि ते योग्यच होते. पण ते शेणावाटे बाहेर पडते. 1987 मध्ये वॉल आणि स्ट्राँग या इंग्लंडमधल्या दोघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की हे औषध सतत मिळणाऱ्या वासरांच्या शेणात किड्यांच्या अळ्या वाढत नाहीत आणि पोवटे कुजायचे थांबतात. डायक्लोफिनॅकने गिधाडे गेली, तेव्हा निदान आकाश रिकामे दिसले. शेणातले मेलेले दिसत नाही.

वरूडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात ते संत्र्यामुळे. खऱ्या कॅलिफोर्नियातल्या संत्राबागा 1888-89 मध्ये खवलेकिडीने मरायला टेकल्या होत्या. आल्बर्ट कोबेल यांनी ऑस्ट्रेलियातून धाडलेल्या व्हेडालिया नावाच्या ढालकिड्यांनी त्या वाचवल्या. पहिल्या तीन खेपांत मिळून अवघे 129 किडे होते. आमच्या बागाइतदाराला हे पटते, कारण झाडावरचे किडे त्याला दिसतात. पण त्याच बागेला लागणारे शेणखत तो आता ट्रॉलीने विकत आणतो. बहुतेक वेळा ते अर्धे कच्चे असते. त्यात पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या की हुमणी समजून सरसकट औषध ओततो. त्यात मुळे खाणारी हुमणी असते, तशा केवळ शेणावर जगणाऱ्या भुंग्यांच्या निरुपद्रवी अळ्याही असतात.

अमरावतीच्या आसपास कोंबड्यांच्या शेड वाढल्या आहेत आणि माश्यांच्या तक्रारीही. तिथे करण्याजोगी एक बिनखर्ची गोष्ट आहे. विष्ठा काढताना तळाचा कोरडा थर राखायचा आणि शेड एकदम न खरवडता आलटून पालटून साफ करायची. त्या कोरड्या थरात स्पॅलँजिया आणि माशीच्या अळ्या खाणारे चकचकीत काळे भुंगेरे टिकून राहतात. गळकी पाण्याची भांडी दुरुस्त केली की खत कोरडे राहते. गुरांच्या बाबतीत जंताचे औषध शेण तपासून, गरज असेल तेव्हाच द्यावे. शक्य असेल तर पावसाळ्याचे पहिले आठवडे सोडून द्यावे, कारण भुंग्यांची वीण तेव्हाच असते.

गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम त्याच आखरावर गेलो होतो. पंधरा-वीस गुरे होती. दोन दिवसांचे पोवटे काडीने उलटून पाहिले. एकाखाली चार बिळे होती, ताजी माती वर आलेली. बाकीचे अखंड होते आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या.