टाकाऊ लहरींचा पराक्रम

शाळेंतील पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर लंडनच्या ठिकाणीं एक लांब सुई टोंचली आणि ती मध्यबिंदूंतून आरपार नेली, तर तिचें टोंक न्यूझीलंडच्या आग्नेयेस समुद्रांत निघतें. म्हणजे इंग्लंडांतील मनुष्यास न्यूझीलंडाहून दूरचें असें वस्तीचें ठिकाण या पृथ्वीवर जवळजवळ नाहींच. दोहोंमध्यें सुमारें बारा हजार मैलांचें अंतर आहे. हें अंतर १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं दोन खासगी माणसांनीं आपल्या साध्या बिनतारी यंत्रांच्या साह्यानें ओलांडलें. त्यांतील एक न्यूझीलंडांत मेंढ्यांच्या मळ्यावर राहणारा होता, व दुसरा लंडनच्या मिल हिल शाळेंतील अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. सरकारदरबारीं निरुपयोगी ठरलेली वस्तु सामान्य माणसांच्या हातीं पडून मौल्यवान कशी झाली, याची ही हकीकत आहे.

त्या काळची समजूत काय होती, हें आधीं पाहिलें पाहिजे. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनीनें इंग्लंडांतील पोल्डू येथून निघालेला तीन टिंबांचा संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडांत, पतंगास बांधलेल्या तारेवर, ऐकिल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून पुढील वीस वर्षें तज्ज्ञांचा सिद्धांत असा कीं, लहर जितकी लांब तितका तिचा पल्ला अधिक. म्हणून मोठमोठीं ठाणीं हजारों मीटर लांबीच्या लहरी वापरूं लागलीं. लांब लहरीस उंच मनोरे लागतात व वीजहि अफाट लागते. इंग्लंडांत रग्बी येथें १९२६ सालीं सुरू झालेल्या ठाण्याचे मनोरे ८२० फूट उंचीचे होते. आणि असे मनोरे एक-दोन नव्हे, बारा होते. असला खर्च सरकारांनीं किंवा बड्या कंपन्यांनींच करावा.

अमेरिकेंत मात्र घरोघरचीं पोरें तारा गुंडाळून संदेश पाठवूं लागलीं होतीं, आणि त्यांच्या कलकलाटानें आरमाराचे व व्यापारी ठाण्यांचे अधिकारी त्रासून गेले होते. शेवटीं १९१२ च्या कायद्यानें खासगी ठाण्यांस २०० मीटरांहून अधिक लांबीची लहर वापरण्यास बंदी झाली, व विजेची मर्यादा एक किलोवॉट ठरली. एक किलोवॉट म्हणजे आजच्या घरांतील कपड्यांच्या इस्त्रीस लागते साधारण तेवढी वीज. थोडक्यांत, कसदार जमीन सरकारनें आपल्याकडे ठेविली आणि खडकाळ माळ हौशी मंडळींस तोडून दिला. या माळावर कांहीं पिकणार नाहीं, चार दिवसांत पोरें कंटाळून निघून जातील, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

पोरें कंटाळलीं नाहींत. १९१४ सालीं हार्टफर्ड गांवच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांचा एक संदेश सुमारें तीस मैलांवरील स्प्रिंगफील्डपर्यंत पोंचेना. तेव्हां वाटेंतल्या एका हौशी माणसानें तो घेऊन पुढें पाठविला. आपल्याकडे पूर्वीं डाकेचे हरकारे एका चौकीवरून दुसऱ्या चौकीवर थैली पोंचवीत, तसाच हा प्रकार. त्यांतूनच मॅक्सिम यांनीं 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था उभी केली. पुढें १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, आणि सर्व हौशी ठाणीं बंद झालीं. १९१९ सालीं तीं पुन्हां उघडलीं, तोंपर्यंत निर्वात नळ्या पुष्कळ सुधारल्या होत्या. मंद संकेत ऐकण्याची व स्वच्छ लहर पाठविण्याची शक्ति सामान्य माणसाच्या टेबलावर आली.

आतां या मंडळींस अटलांटिकचा ध्यास लागला. १९२१ च्या फेब्रुवारींतील पहिला प्रयत्न फसला. तेव्हां संस्थेनें पॉल गॉडली नांवाच्या आपल्या निष्णात माणसास ग्राहक यंत्र देऊन स्कॉटलंडास धाडिलें. आर्ड्रोसन येथें समुद्राकांठच्या एका शेतांत तंबू ठोकून, शेंकडों फूट लांबीची तार खांबांवर ताणून, डिसेंबरच्या थंडींत तो रात्रीमागून रात्री कानांस यंत्र लावून बसला. त्याला दोन डझनांहून अधिक अमेरिकन हौशी ठाणीं ऐकूं आलीं, आणि एका ठाण्याचा तर संबंध संदेश उतरून घेतां आला. मार्कोनीच्या त्या तीन टिंबांस नुकतींच वीस वर्षें होत होतीं.

परंतु ऐकूं येणें निराळें आणि संवाद होणें निराळें. संवादासाठीं दोन्ही बाजूंस बोलतां आलें पाहिजे. तो योग १९२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस आला. फ्रान्समधील नीस शहराच्या लेआँ देलॉय यानें अमेरिकेंतील फ्रेड श्नेल व जॉन रायनार्ट्झ यांच्याशीं अटलांटिकपार दुतर्फी बोलणें केलें. त्यांतील मर्म असें कीं, त्यांनीं २०० मीटरांची हद्दहि सोडून आणखी खालीं, सुमारें १०० मीटरांवर, यंत्रें लाविलीं होतीं. लहर आंखूड केली, तों पल्ला वाढला! तज्ज्ञांचा सिद्धांत येथें उलटा पडला.

यानंतर वर्षही पुरतें झालें नाहीं, तोंच मघाशीं सांगितलेला प्रसंग घडला. न्यूझीलंडच्या ओटॅगो प्रांतांत शॅग व्हॅली नांवाच्या मळ्यावर फ्रँक बेल राहत असे. महायुद्धांतून तो आजारी होऊन परतला होता, व घरीं बिनतारी यंत्राच्या नादीं लागला होता. तिकडे मिल हिल शाळेंत सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याचें ठाणें होतें. बेलच्या येथें संध्याकाळ आणि गॉयडरच्या येथें सकाळ, अशा वेळीं बेलच्या मोर्स संकेतांस शाळेंतून उत्तर गेलें. इंग्लंड व न्यूझीलंड यांमधील दुतर्फी बिनतारी संवाद तो हा पहिला. पुढें बेल शेतीच्या कामांत गुंतला, तेव्हां त्याची बहीण ब्रेंडा हिनें तें ठाणें चालविलें. आणि १९२७ सालीं न्यूझीलंडाहून दक्षिण आफ्रिकेशीं प्रथम बोलण्याचा मान तिनें मिळविला.

हें घडलें कसें? आपल्या डोक्यावर सुमारें चाळीस मैलांपासून पुढें हवेचा एक विरळ, विद्युद्भारित थर आहे. त्यास आयनांबर म्हणतात. असा थर असावा, हा तर्क केनेली व हेविसाइड यांनीं १९०२ सालींच केला होता. आंखूड लहर जमिनीलगत लवकर विरते खरी. परंतु जी वर जाते ती या थरावरून परत खालीं वळते, पुन्हां जमिनीवरून वर जाते, आणि अशा उड्या घेत पृथ्वीस वळसा घालते. दिवसां आयनांबराचा खालचा भाग या लहरी शोषून घेतो. रात्रीं तो भाग नाहींसा होतो. लंडनमध्यें उजाडत असतां न्यूझीलंडांत मावळत असतें, आणि मधल्या अंधाऱ्या बाजूनें लहरीस वाट मोकळी मिळते. म्हणून विजेच्या जोरापेक्षां लहर कोणती, वेळ कोणती आणि ऐकणाऱ्याचा धीर किती, यांवर सारें अवलंबून होतें. या थराचा प्रत्यक्ष पुरावा इंग्लंडांत ॲपलटन यानें १९२४ च्या डिसेंबरांत, म्हणजे त्या संवादानंतर दोनच महिन्यांनीं, मिळविला; त्या संशोधनाबद्दल त्यास १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयास आयुष्य वाहिलें.

सर्व श्रेय हौशी मंडळींसच देणें न्यायाचें होणार नाहीं. खुद्द मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन हेहि १९२३-२४ सालीं आंखूड लहरींचे प्रयोग करीत होते, आणि त्यांतून लहरी एका दिशेस रोखून धाडण्याची 'बीम' पद्धति निघाली. त्या पद्धतीचें हिंदुस्थानांतील ठाणें आपल्या पुणें जिल्ह्यांतच होतें: पाठविण्याचें खडकीस, आणि घेण्याचें दौंडास. १९२७ सालीं तें सुरू झालें, व विलायतेचे संदेश तेथून जाऊं-येऊं लागले. बारा वर्षांनीं उकिरड्याचेहि पांग फिटतात, अशी आपली म्हण आहे. १९१२ सालीं टाकून दिलेल्या लहरींचे पांग १९२४ सालीं फिटले, हा हिशेब मोठा गमतीचा जुळतो! मात्र माळ सुपीक ठरतांच त्यावर सर्वांचा डोळा गेला. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत आंखूड लहरींची राष्ट्राराष्ट्रांत व निरनिराळ्या कामांत वांटणी झाली, आणि ज्यांनीं तो माळ नांगरला त्यांच्या वांट्यास कांहीं अरुंद पट्टे तेवढे आले.

या कथेचा एक धागा थेट आपल्या नभोवाणीपर्यंत येतो. तोच सेसिल गॉयडर १९३६ सालीं ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानांत आला. देश खंडाएवढा, आणि गांठीस पैसा थोडा! मध्यम लहरींचीं ठाणीं गांवोगांव उभारणें परवडणारें नव्हतें. त्यानें शहरांपुरत्या मध्यम लहरी ठेवून दूरच्या मुलुखासाठीं आंखूड लहरींची योजना आंखली. आणि १९३७-३८ सालीं दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें तीं प्रक्षेपकें सुरू झालीं. शाळेंतील छंदांत जें कळलें, तें एका देशाच्या उपयोगास आलें.

हौशी बिनतारी आजहि जिवंत आहे. आपल्या देशांत सरकारी परीक्षा देऊन तिचा परवाना मिळतो. डिसेंबर २००४ मध्यें समुद्राच्या प्रलयानें अंदमानची दळणवळणाची व्यवस्था कोलमडली, तेव्हां योगायोगानें पोर्ट ब्लेअरला आलेल्या हौशी मंडळींनींच आपल्या लहानशा यंत्रांवरून खुशालीचे व मदतीचे संदेश बाहेर पोंचविले.

तेव्हां पालकांस व माझ्या शिक्षकबंधूंस एवढीच विनंति आहे. घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी अभ्यास आटोपून तारा, नळ्या व जुन्या खोक्यांचा पसारा मांडून बसली, तर तो पसारा आवरावयास सांगण्यापूर्वीं, तिला काय ऐकूं आलें, हें एकवार विचारावें.