मौखिक साक्ष आणि लेखणी

महसूल व वन खात्यांच्या व्यवहारात जिभेवरील शब्दापेक्षा कागदावरील शब्द नेहमीच थोर ठरला. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांखाली जंगले राखीव झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा आदिवासी कागदाअभावी अतिक्रमण करणारा ठरला. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागदापलीकडचा पुरावाही तपासण्याचा मार्ग मोकळा केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डेल्गामूक निकालात मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान दिले. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत विहिरी, दफनभूमी, देवस्थाने व वंशावळ यांच्या जोडीला वडीलधाऱ्यांचे कथनही पुरावा म्हणून मान्य झाले. मात्र ते दावेदाराखेरीज अन्य व्यक्तीचे आणि लेखी नोंदवलेले असावे लागते.

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. वृद्धाच्या स्मरणात काळ असतो तो दुष्काळांचा, मृत्यूंचा, देवराईच्या नावांचा; दाव्याला सिद्ध करायची असते १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट. तेवढेच टिपले, तर हक्क कदाचित मिळेल, पण इतिहास हरवेल. म्हणून ग्रामसभेत कथन उतरवून घेणाऱ्याने बोलीतील शब्द, स्थळनामे आणि वंशक्रम जसेच्या तसे राखले पाहिजेत. त्याचे काम कारकुनाचे नाही, संपादकाचे आहे.