दोन नावांची एक बाई

भोगीच्या आदल्या संध्याकाळी, नांदूरघाटच्या आमच्या घरी आई भाजीसाठी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी मोबाइल घेऊन. माझा पहिला शोधनिबंध पाठवायचा होता. सगळं तयार होतं, फक्त एक रकाना अडला होता. लेखिकेचं नाव. मे महिन्यात माझं लग्न आहे.

विचार करता करता मी वालाचा एक दाणा तोंडात टाकला.

"कच्चे खाऊ नकूस, पोट दुखंल," आई म्हणाली.

आईला हे तिच्या आईनं सांगितलेलं. त्यामागच्या कारणांपैकी एक प्रयोगशाळेत शोधलं कमला सोहोनी यांनी. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनं पचवतं. कच्च्या वालात त्याला अडवणारी प्रथिनं असतात. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराचसा ओसरतो. सोहोनी आणि के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतले असे घटक स्फटिकरूपात वेगळे केले. तो निबंध 1955 साली 'नेचर'मध्ये आला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली: कुठल्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणी कोणी दिला, याची सूचीच करायची. ती 1960च्या दशकात छापून येऊ लागली. आज नोकरी, बढती, अनुदान, सगळीकडे आपल्याला विचारतात तो 'सायटेशन'चा आकडा त्या सूचीतून आला.

मी मोबाइलवर 'सोहोनी' शोधलं. वाल सापडला. पण 1939चा 'नेचर'मधला निबंध त्यात नव्हता. रॉबिन हिल यांच्याबरोबरचा, सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा. तो सापडला 'भागवत' या नावाखाली.

कमला भागवत 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या आणि बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटला अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पटलं तरच पुढचं. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींसाठीही दार उघडलं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. 1939 साली पीएचडी मिळाली, प्रबंध अवघा 40 पानांचा. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं आणि त्यांच्या श्वसनात ते काम करतं, हे त्यात दाखवलं होतं.

1947 साली लग्न झालं आणि भागवतच्या सोहोनी झाल्या. सूचीला हे कोण सांगणार? तिच्या लेखी या दोन बाया. एकीचं काम वनस्पतींच्या श्वसनावर, दुसरीचं कडधान्यांवर.

त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव मात्र कधीच बदललं नाही. त्या दुर्गा भागवत, 1975च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. त्यांनी लग्न केलं नाही.

तुम्ही म्हणाल, नुसती बेरीज करायची, झालं! आता 'ऑर्किड'चा 16 अंकी क्रमांकही मिळतो, आडनाव बदललं तरी तो तोच राहतो. खरंय. पण बेरीज करूनही बरंच उरतं. मुंबईच्या विज्ञान संस्थेत सोहोनींनी नीरेवर काम केलं. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना या स्वस्त पेयातून काय मिळू शकतं, हे तपासलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्यांच्यासाठी हे काम होतं ती माणसं शोधनिबंध लिहीत नाहीत, म्हणून संदर्भही देत नाहीत. आकडा खोटा नसतो, पण तो लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांचा केलेला हिशेब असतो.

आईनं शेंगांची टरफलं गोळा केली. "झालं का तुझं?"

"नाव राहिलंय. कोणतं लावू?"

"काम केलं तवा कोणतं होतं?"

मी रकान्यात माहेरचं आडनाव टाकलं आणि निबंध पाठवून दिला. सासरी अजून सांगायचं आहे.