निरंक

आपल्याकडे सरकारी कागदावर एखादी माहिती नसली की 'निरंक' लिहितात. हा शब्द मी बाबांकडून शिकले. ते जिल्हा परिषदेत होते, रकाना कोरा सोडलेला त्यांना खपायचा नाही. २००६ साली लग्नानंतर ग्रीनकार्डचे फॉर्म भरायला बसले तेव्हा त्यांची फार आठवण झाली.

मी विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आलेली, नवरा तिथेच वाढलेला, तिथलाच नागरिक. पहिली अडचण मधल्या नावाची. पासपोर्टवर बाबांचं नाव आणि आपल्या रीतीप्रमाणे आता तिथे नवऱ्याचं यायचं. मग नेमकं कुठलं लिहू? शेवटी पासपोर्टवरचंच ठेवलं. पुढचा रकाना 'आधीचे पती, नसल्यास तसे लिहा'. तसं लिहिलं.

मग हो-नाहीचे प्रश्न आले. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का? अमेरिकेत एकापेक्षा जास्त लग्नं करण्याचा विचार आहे का? २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५ या काळात नाझी सरकारच्या साथीने कुणाचा छळ केलात का? माझा जन्म १९७८ चा! आम्ही दोघं पोट धरून हसलो. गेल्या दहा वर्षांत वेश्याव्यवसाय केलात का, या प्रश्नाला मात्र माझं हसू थांबलं. भराभर 'नाही'वर खुणा केल्या आणि पान उलटलं.

हे प्रश्न आले कुठून, ते बऱ्याच वर्षांनी वाचलं. प्रत्येकामागे एकेक कायदा आहे. बहुविवाहाची बंदी १८९१ ची, मॉर्मन पंथावरून पेटलेल्या वादाच्या काळातली. कम्युनिस्टांची १९५० च्या आसपासची, शीतयुद्धातली. नाझींचा प्रश्न कायद्यात आला १९७८ साली, म्हणजे आम्ही दोघं एका वयाचे.

आणि वेश्याव्यवसायाचा धागा जातो थेट १८७५ च्या पेज कायद्यापर्यंत. त्याचा रोख मुख्यतः चिनी बायकांवर होता. हाँगकाँगहून निघण्याआधी तिथला अमेरिकन वकील बायकांची उलटतपासणी घेई. नवरा कोण, घरचे कोण, चारित्र्य कसं. मग सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर पुन्हा तेच. आपण कुणाची तरी लग्नाची बायको आहोत हे तिनेच सिद्ध करायचं. या जाचाला घाबरून कितीतरी बायका निघाल्याच नाहीत आणि तिकडच्या चिनी वस्त्या एकट्या पुरुषांच्याच राहिल्या.

आपली गत फार वेगळी नव्हती. १९१७ च्या कायद्याने भारतातून मजुरांना येणं बंद झालं. आधीच कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाब्यांना गावाकडच्या बायका आणता येईनात. त्यांच्यातल्या अनेकांनी मग मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वही नाकारलं. दार किलकिलं झालं ते १९४६ साली, वर्षाला १०० माणसांपुरतं.

म्हणजे मी हसत 'नाही' म्हटलं त्यातल्या एका प्रश्नाने एके काळी माझ्यासारख्याच, नवऱ्याकडे निघालेल्या बायकांना बंदरावर अडवलं होतं.

बरं, ज्या प्रश्नाचा आपल्याशी संबंध नाही तो सोडून द्यावा, तर तेही अंगाशी येऊ शकतं. २०१९ मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जांना नियम लागला, एक चौकट जरी कोरी दिसली तरी अर्ज परत. मधलं नावच नसलेल्या माणसाने तो रकाना रिकामा ठेवला तरीसुद्धा! २०२० च्या अखेरीस तो नियम मागे घेतला गेला. बाबांचा हट्ट अगदीच खुळा नव्हता तर.

असो. त्या गठ्ठ्यात एक चौकट होती, 'तुमची लिपी रोमन नसेल तर नाव आपल्या लिपीत लिहा'. ती मात्र मला नक्की लागू होती. मी देवनागरीत नाव लिहिलं, मध्ये बाबांचं नाव घालून. नवऱ्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्याने विचारलं, काय लिहिलंस? मी पूर्ण नाव वाचून दाखवलं.