जाळीचा हिशेब शेतात संपत नाही

आयोवातल्या पेला गावात गॅरी व्हर्मीर यांनी १९७१ साली मोठे गोल गठ्ठे बांधणारा बेलर बनवला, तेव्हा गठ्ठा सुतळीनेच बांधला जाई. पुढे प्लॅस्टिकची विणलेली जाळी आली आणि अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांत एक मत घट्ट रुजलं: ज्याला परवडतं त्याने जाळी वापरावी, सुतळी म्हणजे जुन्या यंत्राची आणि आखडत्या हाताची सोय. हे मत मला मान्य नाही. पण ते खोडण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण त्यात दम आहे.

सुतळीने बांधताना गठ्ठा यंत्रात वीसेक वेढे फिरतो, जाळीला दोन-तीन वेढे पुरतात. मिनिटभराचं काम काही सेकंदांवर येतं. आभाळ भरून आलंय आणि अजून निम्मं शेत बाकी आहे, अशा संध्याकाळी ही बचत लहान नसते. लसूणघासात तर आणखी एक लाभ आहे. गठ्ठा जितका जास्त फिरतो तितकी वाळलेली पानं गळून पडतात, आणि या पिकाची बहुतेक प्रथिनं पानांतच असतात. शिवाय जाळीमुळे गठ्ठ्याचा पृष्ठभाग घट्ट, गुळगुळीत राहतो आणि पावसाचं पाणी बरंचसं ओघळून जातं. बाहेरच्या थराची किंमत किती, हे भूमितीच सांगते: सहा फूट व्यासाच्या गठ्ठ्यात बाहेरचे सहा इंच म्हणजे एकूण चाऱ्याचा जवळपास ३१ टक्के भाग.

इथवर माझी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो यातून काढलेल्या निष्कर्षाचा. विस्कॉन्सिन विद्यापीठात केव्हिन शिनर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्यावर ठेवलेल्या लसूणघासाच्या गठ्ठ्यांत शुष्क पदार्थाची घट मोजली. घायपाताच्या सुतळीत ती सुमारे १९ टक्के, प्लॅस्टिकच्या सुतळीत ११ आणि जाळीत ७ टक्के निघाली. यातला पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवला की जाळीचा विजय डोळ्यांत भरतो. मधला आकडा वाचला की चित्र बदलतं. मोठी बचत सुतळीचा धागा बदलल्यानेच होते, जाळी त्यात आणखी चारेक टक्क्यांची भर घालते. आणि छपराखाली ठेवलेल्या गठ्ठ्यांची घट ३ टक्क्यांच्या आसपास होती. ज्याच्याकडे शेड आहे त्याने जाळीचे जादा पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

उघड्यावरही निम्मी किंवा त्याहून जास्त नासाडी खालून होते. गठ्ठा ओल्या जमिनीवर बसतो, तळाचा चारा ओल वर खेचतो आणि तिथे बुरशी धरते. जाळीतून ओल आरपार जाते. खाली खडीचा थर किंवा जुने टायर टाकले, रांगा उत्तर-दक्षिण लावल्या आणि दोन रांगांत वारा-ऊन खेळायला जागा सोडली, तर सुतळीचा गठ्ठाही चांगला टिकतो.

तरीही मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे की या हिशेबात गुरं कुठेच नाहीत. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जाळीचे आणि घायपाताच्या सुतळीचे तुकडे गुरांच्या कोटीपोटात ठेवून पाहिले. सुतळी हळूहळू का होईना, बरीचशी पचली. जाळी जशीच्या तशी राहिली. त्या राज्यातला जानेवारी डोळ्यांपुढे आणा. गठ्ठ्यावर बर्फ घट्ट बसलेला आहे, हातमोज्यातली बोटं बधिर झाली आहेत. सुरीने जाळी चिरून ओढली की वरची बाजू निघते, तळाला गोठलेली पट्टी फाटून तिथेच राहते. घाई असली तर गठ्ठा जाळीसकट दळणयंत्रात टाकला जातो आणि तिचे बोटभर धागे चाऱ्यात मिसळतात. गाय ते निवडून टाकत नाही. कोटीपोटात धागे एकमेकांत गुंततात, त्यांचा गोळा होतो, खाणं कमी होतं, जनावर खंगत जातं. कारण कळतं ते अनेकदा शवविच्छेदनात. गाईच्या पोटातून किलोकिलो प्लॅस्टिक काढणाऱ्या आपल्याकडच्या पशुवैद्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्लॅस्टिकची सुतळीही पचत नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून माझी मांडणी अशी: शेड असेल तर घायपाताची सुतळी. पावसाळी मुलखात गठ्ठे उघड्यावरच राहणार असतील आणि प्रत्येक गठ्ठ्याची जाळी पूर्ण सोलायला माणूस असेल, तर खुशाल जाळी. या दोन्हींच्या मधल्यांनी प्लॅस्टिकची सुतळी घ्यावी, आणि चारा टाकण्याआधी ती कापून वेढे मोजून बाहेर काढावी.

महाराष्ट्रात भाताचा पेंढा, सोयाबीनचं काड आणि उसाचं पाचट बांधणारे छोटे गोल बेलर फिरू लागले आहेत, म्हणून हा वाद आपल्याही दाराशी आहे. इथला गठ्ठा साधारण दोन फूट व्यासाचा. त्यात बाहेरचे सहा इंच म्हणजे तब्बल ७५ टक्के चारा, तेव्हा एवढा लहान गठ्ठा कशानेही बांधला तरी पावसात ठेवण्याजोगा नाही. खरिपाचा पेंढा पाऊस ओसरल्यावर बांधला जातो आणि जूनच्या आत तो छपराखाली किंवा ताडपत्रीखाली गेलाच पाहिजे. मग पाणी ओघळवण्याचा जाळीचा गुण इथे फारसा कामाचा उरत नाही. तिचा धोका मात्र वाढतो, कारण आपण चारा कडबाकुट्टीत घालतो. सुतळीचे वेढे दावणीपाशी उभं राहून हाताने काढता येतात. कुट्टीच्या पात्यांखालून गेलेली जाळी पाटीभर चाऱ्यातून कोणी वेचून काढू शकत नाही.