अपुरे युद्धकांड

कथेत युद्ध आरंभणे सोपे. ते संपविणे फार कठीण. पहिल्या कांडात दिलेला वर, दुसऱ्यात घेतलेली शपथ, तिसऱ्यात केलेले कपट, या सर्वांचा हिशेब कवीला शेवटी चुकता करावा लागतो. परंतु हिशेबाची वेळ येण्यापूर्वीच कवी निघून गेला तर?

मराठी भाषेवर हा प्रसंग इ. स. १५९९ साली आला. त्या वर्षी फाल्गुन वद्य षष्ठीस पैठण येथे एकनाथमहाराजांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे भावार्थ रामायण अपुरे होते. पहिल्या पाच कांडांचे १२५ अध्याय झाले होते. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले होते. लंकेचे रण ऐन भरात होते आणि ग्रंथातला रावण अद्याप जिवंत होता.

यात केवळ एका पोथीची हानी होती असे समजू नये. नाथांच्या रामायणात राम हा देवांची बंदी सोडविण्यासाठी अवतरतो. ही बंदी त्यांच्या श्रोत्यांना परकी नव्हती. १५६५ साली विजयनगरचे साम्राज्य रणांगणावर खचले, त्या वेळी नाथ बत्तीस वर्षांचे होते. १५९५ साली मोगलांची फौज अहमदनगरच्या तटाला भिडली, ती त्यांच्या उतारवयात. शिवाय नाथांच्या दृष्टीने रणातील राक्षसी माया ही मनातीलही माया आहे. त्यांच्या लेखी कौसल्या ही सद्विद्या व मंथरा ही कुविद्या. युद्ध अर्धवट राहणे म्हणजे देव बंदीत आणि जीव मायेत राहणे होय.

ही पोकळी भरून काढली ती गावबाने. परंपरा सांगते की, हा मुलगा पुरणपोळीचा हट्टी. आईने कंटाळून त्याला नाथांच्या घरी आणून सोडले. मंत्र म्हणून त्याच्या तोंडी एकच नाव बसले, ते ‘एकनाथ’. लोक ज्याला मंदबुद्धी म्हणत, त्याच्याकडून ग्रंथ पुरा होईल असे नाथांनी स्वतः सांगितले म्हणतात. आख्यायिकेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवू. सात कांडे आणि २९७ अध्यायांचा पूर्ण ग्रंथ आज आपल्या हाती आहे, ही गोष्ट मात्र निर्विवाद होय. त्यातील युद्धकांड एकटेच ९१ अध्यायांचे आहे.

अपुरी कृती दुसऱ्याने पुरी करावी, हे आपल्याकडे नवीन नव्हते. बाणभट्टाची कादंबरी त्याच्या पुत्राने पूर्ण केली. अगदी अलीकडे अमेरिकेत रॉबर्ट जॉर्डन हा लेखक युद्ध आणि जादू यांची एक प्रचंड कथामाला अपुरी ठेवून २००७ साली वारला. त्याच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन याने ती पुरी केली व तिचा चौदावा, शेवटचा भाग २०१३ साली निघाला. त्या भागावर दोघांचीही नावे आहेत. गावबाने स्वतःचे नाव पुढे केले नाही. अध्यायाच्या अखेरीस मुद्रा उमटते ती ‘एका जनार्दन’ हीच. त्यामुळे सांधा कोठे आहे हे पंडित शोधतात. श्रोत्याला तो जाणवत नाही.

पैठणहून वाहणारी गोदावरी पुढे नांदेड ओलांडून उमरीच्या मुलखाजवळून जाते. या साऱ्या प्रदेशातील खेड्यांत मारुतीच्या देवळात आजही ही पोथी लागते. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, अशी रीत आहे. लक्ष्मणाला शक्ती लागते त्या रात्री गाव जागते. त्या श्रोत्यांतील कितीजण विचारीत असतील की, हा अध्याय गुरूचा की शिष्याचा? त्यांना लक्ष्मण उठावयास हवा असतो, रावण पडावयास हवा असतो. गावबाने त्यांच्यापाशी असलेले नाथांचे ऋण फेडले. कथा आरंभणाऱ्याची कीर्ती मोठी खरीच. परंतु बंदीतील देव सुटले ते कथा शेवटास नेणाऱ्याच्या हातून, हे विसरून चालणार नाही.